शिसे, साखर आणि चिपाड

दसऱ्याला बॉयलर पेटतो आणि दिवाळीच्या मागेपुढे गव्हाणीत उसाची मोळी पडते. धाराशिव जिल्ह्यात तेरणा आणि मांजरा यांच्या काठाने जिथे ऊस आहे, तिथे आकाशकंदील लागण्याआधी चिमणीचा धूर दिसू लागतो. मला त्या धुराचा वास अजून ओळखीचा वाटतो. १९९४ साली, किल्लारीच्या भूकंपानंतरच्या हंगामात, मी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत हंगामी कामगार म्हणून लागलो. बारावी सायन्स झाली होती, बी.एस्सी.चे पहिले वर्ष अर्ध्यात सुटले होते. पदाचे नाव 'लॅब बॉय'. नमुने आणायचे, गाळायचे, काचसामान धुवायचे. असे अकरा हंगाम काढले.

पहिल्याच दिवशी केमिस्टसाहेबांनी एक डबा दाखवला. आत पांढरी पूड. तिला सगळे 'ड्राय लेड' म्हणत. उसाचा रस गढूळ असतो, त्यातून प्रकाश आरपार जात नाही. शंभर मिलिलिटर रसात त्या पुडीचा लहान चमचाभर, म्हणजे साधारण एक ग्रॅम टाकून बाटली हलवायची. रसातला मळ आणि रंग गोळा होऊन खाली बसतो. मग गाळणकागदातून गाळायचे, सुरुवातीचे थेंब टाकून द्यायचे, पुढचा नितळ रस काचेच्या नळीत भरून पोलॅरिमीटरमध्ये ठेवायचा. आकडा वाचला की त्याला 'पोल' म्हणायचे. पोत्यात पडलेली साखर वजनकाट्यावर मोजता येते. पण उसात मुळात किती होती, चिपाडातून किती गेली, मळीत किती राहिली, हा सगळा हिशेब पोलवर चालतो. शेतकरी ज्याला 'उतारा' म्हणतो आणि ज्यावर उसाचा भाव ठरतो, त्या उताऱ्याची राखण या काचेच्या नळीतून होत असे.

"हात धू रे आधी, मग चहा घे," एवढी एकच सुरक्षिततेची सूचना मला मिळाली, आणि ती देणारा माणूस मायाळू होता. गाळणकागद साक्यासकट कचऱ्याच्या ढिगात जात. बाटल्या धुतलेले पाणी मोरीतून भिंतीमागच्या शोषखड्ड्यात जाई. खड्ड्यापासून शंभरेक पावलांवर हातपंप होता. आम्ही सगळे त्याचेच पाणी पीत होतो.

'लेड' म्हणजे शिसे, हे मला माहीत होते. ते कुठे जाते, हे विचारायचे मात्र सुचले नाही.

नोकरी सुटल्यावर मी तेरणेच्या खोऱ्यातल्या ऊस-गुळाच्या इतिहासाची टिपणे काढू लागलो. संशोधक म्हणवून घेण्याइतके शिक्षण माझ्याकडे नाही. ग्रंथालये, जुने अहवाल आणि माणसे यांच्याकडून जे मिळाले तेवढेच भांडवल. या वाचनात एक दिवस एका शोधनिबंधाचे शीर्षक समोर आले आणि मी थांबलो. रुरकीच्या व्ही. के. गुप्ता आणि इम्रान अली यांचा २००४ सालचा निबंध. विषय होता, साखर कारखान्याच्या बॉयलरमधून उडणाऱ्या बगॅसच्या राखेने सांडपाण्यातले शिसे आणि क्रोमियम काढणे. भिंतीच्या एका बाजूला आम्ही शिसे ओतत होतो आणि दुसऱ्या बाजूला, वाऱ्याने वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसणारी तीच काळी राख ढिगाने पडली होती. या दोन गोष्टींची गाठ कधी पडली नाही. ती का पडली नाही, याचा शोध म्हणजे हा लेख.

तगरची नाणी

शिशाची आमच्या खोऱ्याशी ओळख साखरेपेक्षा फार जुनी आहे. धाराशिवपासून जवळ तेरणेच्या काठी तेर आहे. गोरोबाकाकांचे गाव म्हणून महाराष्ट्र ते ओळखतो. इतिहासाला ते 'तगर' म्हणून माहीत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे. तिथून साधे कापड आणि तलम वस्त्रे भडोचच्या बंदरात जात. तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. हेन्री कझिन्स यांनी लगेच पुढे तिथल्या अवशेषांची पाहणी केली. १९५८ मध्ये बा. ना. चापेकरांनी तिथे उत्खनन केले.

त्याच 'पेरिप्लस'मध्ये भडोचला परदेशातून उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात मद्य आहे, पोवळे आहे आणि तांबे, कथील, शिसे हे तीन धातूही आहेत. दख्खनचे सातवाहन राजे शिशाची नाणी पाडत. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन नाणी पाहताना मी त्या करड्या, बोथट तुकड्यांसमोर बराच वेळ उभा राहिलो. दोन हजार वर्षांनंतरही धातू तसाच आहे. तो सडत नाही, जळून नाहीसा होत नाही, जंतूंना पचत नाही. कारखान्याचे मळीचे पाणी कितीही घाण असले तरी हवा, जंतू आणि वेळ दिला की ते शेवटी निवळते. शिशाला ती सोय नाही. ते फक्त जागा बदलते. या लेखात पुढे जे काही येईल त्याचे मूळ या एका गुणात आहे.

आपल्या घरातल्या बायांना हे पुस्तकाविना ठाऊक होते. पितळी भांड्यात ताक राहिले की ते 'कळकते'. अन्नात धातू उतरल्याची एवढी नेमकी नोंद घेणारे क्रियापद मराठीत आहे, कारण तो धोका रोजचा होता. त्यावरचा उपाय म्हणजे कल्हई. आंबट पदार्थ आणि तांबे-पितळ यांच्यामध्ये कथलाचा पातळ पडदा. कळकलेले ताक पुन्हा चांगले करायच्या खटाटोपात कोणी पडत नसे. ते ओतून देत आणि कल्हईवाल्याला बोलावत. ही गोष्ट लक्षात ठेवावी, शेवटी ती उपयोगी पडेल.

गोड विष

शिशाची आणि साखरेची गाठ प्रयोगशाळेत पडली असे नाही. रोमन लोक द्राक्षांचा रस आटवून दाट गोड पाक करत आणि त्यासाठी शिशाचे भांडे चांगले, असे त्यांचे लेखक सांगत. रसातले आम्ल शिशाशी मिळून जो क्षार होतो तो स्वतःच गोड असतो. युरोपात पुढे त्याला 'शिशाची साखर' हेच नाव पडले. मद्य गोड करण्यासाठी तो शतकानुशतके वापरला गेला. १७६७ मध्ये डॉ. जॉर्ज बेकर यांनी इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या पोटशुळाच्या साथीचे मूळ सफरचंदाच्या मद्यात उतरलेल्या शिशात आहे, हे दाखवून दिले. तिथल्या घाण्यांत आणि टाक्यांत शिसे वापरलेले असे.

१८१५ मध्ये फ्रान्सच्या बियो यांना आढळले की काही द्रव प्रकाशाच्या कंपनाची पातळी फिरवतात. साखरेचे द्रावण त्यांपैकीच एक. यातून साखर मोजायची युक्ती निघाली. पण त्यासाठी द्रावण नितळ हवे, आणि नितळ करायला 'शिशाच्या साखरे'चाच अल्कधर्मी भाऊ उत्तम ठरला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हॉर्न या अमेरिकी रसायनज्ञाने तो कोरड्या पुडीच्या रूपात वापरायची पद्धत रूढ केली. हीच माझ्या डब्यातली पूड. जावा असो, क्युबा असो की धाराशिव, उसाच्या कारखान्याची प्रयोगशाळा या पुडीशिवाय चालत नसे. त्यात कोणा एका कारखान्याचा दोष नव्हता. पाठ्यपुस्तकातच तसे होते.

आता हिशेब. या पुडीत वजनाने साधारण सत्तर टक्के शिसे असते. म्हणजे एका नमुन्याला ७०० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. एका चमच्यातले सगळे शिसे पाण्यात उतरले आणि ते या मर्यादेपर्यंत पातळ करायचे म्हटले, तर ७०,००० लिटर पाणी लागेल. आमच्या भाषेत, दहा हजारी सात टँकर. आम्ही दिवसरात्र मिळून चाळीसेक नमुने करत होतो. दीडशे दिवसांचा हंगाम धरला तर चार किलोंवर शिसे. दुष्काळातले आखूड हंगाम वजा केले तरी माझ्या अकरा वर्षांत चाळीस किलोंच्या घरात. यातले बरेचसे साक्यात बांधलेले असते, सगळे पाण्यात उतरत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण तो साकाही कुठे आकाशात गेला नाही.

कोळशाची विद्या साखरेनेच शिकवली

उपायाची बाजूही साखरेच्या इतिहासातूनच निघते, हे मला वाचताना विशेष वाटले.

१७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गचे औषधनिर्माते लोविट्झ यांना आढळले की कोळशाच्या पुडीने द्रावणाचा तपकिरी रंग जातो. खराब झालेले पाणीही त्यांनी कोळशाने सुधारून दाखवले. पुढे १८११-१२ च्या सुमारास फ्रान्समध्ये हाडांच्या कोळशाची रंग काढण्याची ताकद ध्यानात आली आणि युरोपातले साखर शुद्धीकरण त्यावर उभे राहिले. परदेशी साखर हाडांनी साफ करतात, ती खाऊ नका, हा स्वदेशी चळवळीतला प्रचार याच पद्धतीवर होता. हाडांच्या कोळशाला पर्याय शोधताना ऑस्ट्रेयको यांनी १९००-०१ मध्ये वनस्पतिज पदार्थांपासून कृतिशील कोळसा करण्याची एकस्वे घेतली. पहिल्या महायुद्धात विषारी वायू आले तेव्हा मुखवट्यांत हाच कोळसा भरला गेला. १९१८ मध्ये अमेरिकेत त्यासाठी पीच फळाच्या कोया घरोघरी गोळा झाल्या. फेकून द्यायची कोय आणि करवंटी माणसाचा जीव वाचवू शकते, हे तेव्हा जगाने पाहिले.

या गुणाला शास्त्रात 'अधिशोषण' म्हणतात. चहात बुडवलेले बिस्किट चहा पिते, ते शोषण. गिरणीच्या भिंतीवर पिठाचा थर धरतो, ते अधिशोषण. पदार्थ आत मुरत नाही, पृष्ठभागावर धरला जातो. कोळशात सूक्ष्म छिद्रांमुळे ही भिंत प्रचंड मोठी असते.

पण तूस, टरफल, चिपाड हे न जाळताही धातू धरतात, आणि ते वेगळ्या रीतीने. वनस्पतीच्या काष्ठतंतूंवर आम्लधर्मी रेणुगट असतात. त्यांना भिंतीवरच्या खुंट्या समजा. त्यांवर एरवी हायड्रोजन किंवा कॅल्शियम अडकवलेले असते. पाण्यातून शिसे आले की ते कॅल्शियमला उतरवून स्वतः खुंटीवर बसते, कारण त्याची पकड अधिक घट्ट असते. पाणी फार आंबट असेल तर सगळ्या खुंट्या हायड्रोजनने भरलेल्या राहतात आणि शिशाला जागा मिळत नाही. क्रोमियमचे उलटे. त्याचे विषारी रूप ऋणभाराचे, ते आंबट पाण्यातच पकडले जाते. म्हणून 'अमुक भुशाने सगळे धातू निघतात' असे जे ऐकायला मिळते ते खरे नाही. प्रत्येक जोडी वेगळी जुळवावी लागते.

एक गोष्ट इथेच सांगतो. माणसाच्या हाडालाही अशाच खुंट्या आहेत. हाडातल्या कॅल्शियमच्या जागी शिसे जाऊन बसते आणि दशकानुदशके राहते. सांडपाण्यातले शिसे तुसाने धरले नाही, तर ते धरायला शेवटी आपली हाडे आहेत.

१९७२

टाकाऊ शेतमालाचा धातूंसाठी पद्धतशीर अभ्यास सुरू झाला त्यामागे जपानमधले मिनामाता होते. १९५६ मध्ये तिथला आजार उघड झाला आणि कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांतून माणसांत गेल्याचे पुढे सिद्ध झाले. १९७२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रातल्या फ्रीडमन आणि वाईस यांनी शेतमाल व त्याचे अवशेष पारा किती धरतात, यावर निबंध प्रसिद्ध केला. त्याच केंद्रातल्या रँडल यांनी १९७४ मध्ये झाडाची साल आणि नंतर शेंगदाण्यावरचे तांबडे फोलपट घेऊन शिसे, तांबे, कॅडमियम यांवर काम केले. ते फोलपट पाण्यात रंग सोडत असे, म्हणून त्यावर फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया करावी लागली.

मराठवाड्याच्या वाचकाला १९७२ हे साल वेगळ्याच कारणाने आठवते. कॅलिफोर्नियात शेतातला कचरा पाऱ्याच्या पाण्यात बुडवून पाहत होते, तेव्हा आमच्याकडे जनावरांना काडी उरली नव्हती आणि माणसे खडी फोडायला दुष्काळी कामावर होती. आमच्यासाठी 'शेतातला कचरा' हा शब्दच त्या वर्षी निरर्थक होता.

भारतात हा विषय नंतर फार रुजला. कोइमतूरच्या भारतीयार विद्यापीठात नामशिवायम आणि पेरियासामी यांनी भुईमुगाच्या टरफलाच्या कोळशाने १९९३-९४ मध्ये पारा आणि कॅडमियम काढून दाखवले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अहल्या आणि रामचंद्र यांनी कनामडी यांच्यासह २००५ मध्ये हरभऱ्याच्या सालीवर, नंतर तुरीच्या सालीवर काम केले. हरभऱ्याची साल आंबट पाण्यातून क्रोमियम ओढते, एका ग्रॅमला नव्वद मिलिग्रॅमच्या आसपास. हरभरा आणि तूर! आमच्या काळ्या रानातली ही पिके आंतरराष्ट्रीय निबंधांत पाहून मला गावचा माणूस परदेशात भेटावा तसे झाले.

मग हे सगळे नाल्यावर का दिसत नाही? त्याचे उत्तर थोडेसे नागपूरकडे सापडते. पाण्यातले फ्लोराइड काढण्यासाठी तिथल्या राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आजच्या नीरीने, गंधकाम्लाची प्रक्रिया केलेल्या लाकडाच्या भुशाला तुरटीचे पाणी पाजून 'डिफ्लोरॉन-१' नावाचे माध्यम तयार केले होते. प्रयोगात ते चालले. वापरात भुसा झिजू लागला, पाणी नीट वाहीना. पुढे कोळशाचे 'डिफ्लोरॉन-२' आले आणि अखेर १९७५ मध्ये तुरटी-चुन्याची साधी 'नालगोंडा पद्धत' पुढे आली. फ्लोराइड हा धातू नव्हे, पण धडा तोच. चंचुपात्रात एक ग्रॅम भुसा आणि टाकीत एक टन भुसा, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. भुसा कुजतो, चिखल होतो, रंग सोडतो. कॅनडात मॅकगिल विद्यापीठाच्या व्होलेस्की यांनी सजीव पदार्थांनी धातू धरण्याचे शास्त्र व्यवसायापर्यंत नेण्याचा प्रयत्न केला, त्याचाही जम बसला नाही. १९९९ मध्ये अशा स्वस्त पदार्थांचा आढावा घेणाऱ्या बेली आणि सहकाऱ्यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. सगळे 'स्वस्त' म्हणतात, पण खर्चाचा आकडा क्वचितच देतात.

माझा प्रयोग आणि माझी चूक

वाचून भागेना, तेव्हा मी स्वतः करून पाहिले. २०१७ च्या उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या ढिगातून बगॅसची राख आणली. डाळ मिलमधून तुरीची साल आणली. लेड नायट्रेट विकत घेतले, लिटरभर पाण्यात एक ग्रॅम विरघळवले. शिसे आहे की नाही हे पाहायला शाळेतली जुनी परीक्षा होती, पोटॅशियम आयोडाइडची. शिसे असेल तर पिवळाधमक साका पडतो.

पडला. मग राख घातली, तासभर ढवळले, गाळले, पुन्हा आयोडाइड घातले. पाणी स्वच्छ. पिवळ्याचा मागमूस नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी मी ओळखीच्या एका रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांना फोन केला.

त्यांनी ऐकून घेतले आणि दोन प्रश्न विचारले. "राख धुतली होती का?" आणि "पिवळे दिसले नाही म्हणजे किती उरले?"

पहिल्या प्रश्नाचा अर्थ असा. राख खारी असते. तिच्या खाराने पाणी अल्कधर्मी होते आणि शिसे आपोआप खाली बसते. ते राखेने धरलेले नसते. थोडे आम्ल पडले की पुन्हा विरघळते. त्यांनी सांगितल्याप्रमाणे गाळ व्हिनेगरमध्ये टाकला, ते पाणी गाळून आयोडाइड घातले आणि पिवळा रंग हसत परत आला. दुसरा प्रश्न जास्त लागला. लिटरला दोन-चार मिलिग्रॅम शिसे उरले तर या परीक्षेत ते दिसतच नाही. म्हणजे पिण्याच्या मर्यादेच्या दोनशे-चारशे पट शिसे असलेले पाणी मी 'स्वच्छ' म्हणून आनंदाने नाचलो होतो. माझ्या डोळ्यांनी प्रमाणपत्र दिले होते. डोळ्यांना शिसे दिसत नाही, हे तर मला तेरच्या नाण्यांपासून शिकायला हवे होते.

नंतर राख पाच पाण्यांनी धुऊन, वाळवून पुन्हा प्रयोग केला आणि नमुने तपासणीला पाठवले. शिसे बरेच कमी झाले होते, मर्यादेत आले नव्हते. तुरीच्या सालीचेही तसेच, शिवाय पाणी चहासारखे झाले. रँडल यांचे शेंगदाण्याचे फोलपट मला तेव्हा नीट समजले. राखेबद्दल आणखी एक कळले. जुन्या बॉयलरची राख काळी, कारण तिच्यात अर्धवट जळालेला कोळसा पुष्कळ. नव्या उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये चिपाड जवळपास पूर्ण जळते, राख करडी निघते आणि धरण्याची ताकद कमी. यंत्र सुधारले की कचऱ्याचा गुण बदलतो. निबंधातली राख आणि आपल्या ढिगातली राख एकच, असे धरून चालत नाही.

टाकाऊ कोणाला?

या साऱ्या निबंधांत एक शब्द गृहीत आहे, 'टाकाऊ'. धाराशिवच्या शेतकऱ्याला विचारा काय टाकाऊ आहे. तुरीची साल चुणीत जाते, ती गाय-म्हैस खाते. तुराट्या आणि पऱ्हाट्या चुलीत जातात. कडबा तर सोन्याच्या भावाने राखतात. चिपाडावर बॉयलर चालतो, वीज होते. सोयाबीनचे भुसकट काही ठिकाणी जाळले जाते, पण दुष्काळात तेही दावणीला लागते. मी सालीचे पोते आणायला गेलो तेव्हा मिलवाल्याने भाव सांगितला. फुकट मिळाली ती फक्त राख.

म्हणून खरा प्रश्न धातू धरता येतो का हा नाही. तो येतो, पन्नास वर्षांत हे पुरेसे सिद्ध झाले. प्रश्न आहे धरल्यानंतरचा. शिसे धरलेली तुरीची साल दिसायला गुरांच्या खाद्यासारखीच असते. ती जाळली तर शिसे धुरात आणि राखेत. शेतात टाकली तर मातीत. आम्लाने धुऊन शिसे सोडवले तर पुन्हा शिशाचे पाणीच हातात. कायद्याने तो घातक कचरा आहे. १९८९ पासून त्याचे नियम आहेत, आणि तो रांजणगाव, तळोजा किंवा बुटीबोरी अशा ठिकाणच्या केंद्रात जायला हवा. तिथवर नेणारा आणि त्याची नोंद ठेवणारा कोणी नसेल, तर भुशाने पाणी शुद्ध करणे म्हणजे विष एका भांड्यातून दुसऱ्या, जास्त फसव्या भांड्यात ओतणे.

यातून भुशाचे काम उरत नाही असे नाही. जिथे धातू थोडा आहे, एका जागी आहे, रासायनिक प्रक्रियेनंतर उरलेले शेवटचे अंश काढायचे आहेत आणि वापरलेल्या मालाचा धनी ठरलेला आहे, तिथे धुतलेली राख किंवा टरफलाचा कोळसा मोलाचा ठरू शकतो. महाविद्यालयांच्या आणि कारखान्यांच्या प्रयोगशाळा ही अशी जागा आहे. सांडपाण्याचे प्रदूषण मोजायच्या 'सीओडी' चाचणीतच पारा, क्रोमियम आणि चांदी यांचे क्षार वापरतात. प्रदूषण मोजून झाले की ते पाणी कुठे जाते, हा प्रश्न प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या मोरीला विचारावा.

आणि साखरेच्या शिशाचे काय झाले? त्याचे उत्तर राखेने दिले नाही. शिसे न वापरता रस नितळ करणाऱ्या पुडी आल्या, गढूळ रसातूनही वाचन घेऊ शकणारे अवरक्त प्रकाशाचे पोलॅरिमीटर आले. डबाच बदलला. कळकलेल्या ताकाला आपल्या आज्या जे करत तेच. ताक निवळत बसायचे नाही, भांड्याला कल्हई करायची.

पण आधी ओतलेले शिसे तिथेच आहे. आमचा तो हातपंप आता राहिलेला नाही. त्या खड्ड्याजवळच्या मातीची किंवा पाण्याची तपासणी झालेली नाही. महाराष्ट्रात पाणी प्रदूषण रोखण्याचा कायदा १९६९ सालचा, देशाच्या कायद्याच्याही पाच वर्षे आधीचा. पण चमच्याने ओतलेले शिसे कोणत्याच नोंदवहीत चढत नाही. माझी विनंती त्या सगळ्यांना आहे, ज्यांनी माझ्यासारखी साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत उमेदीची वर्षे काढली. किती नमुने होत, कोणती पूड, धुण्याचे पाणी कुठे सोडत, हे आठवेल तसे लिहून ठेवा. चाळीस किलोंचा माझा हिशेब एका माणसाच्या आठवणीवर आहे. शंभर माणसांच्या आठवणी जमल्या तर कुठली माती आधी तपासायची, हे निदान सांगता येईल.

माझ्या २०१७ च्या प्रयोगातली तुरीची साल आणि राख अजून घरात आहे. झाकण घट्ट लावलेल्या काचेच्या बरणीत, माळ्यावर. एवढासा ऐवज घेऊन कोणत्या केंद्राच्या दारात जावे, हे काही जमलेले नाही. बरणीवर मी कागद चिकटवला आहे. सून नवीन आली तेव्हा तिला तो वाचून दाखवला, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा सगळ्यांना वाचून दाखवतो: 'शिसे आहे. गुरांना घालू नये. जाळू नये. फेकू नये.'